सूत्रं हाती घेताना
दोन प्रोसेसर शेजारी बसवले की प्लांट सुरक्षित झाला, असं मानणारे टेंडर लिहिणाऱ्यांत आजही पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकाचा या मंडळींशी जुना वाद आहे. दुसरं मॉड्यूल पैसे मोजून मिळतं. पण चालत्या कामाची सूत्रं पहिल्याकडून दुसऱ्याकडे जातात, तो क्षण फार थोड्यांनी नीट अभ्यासलेला असतो.

ही विद्या टेलिफोनवाल्यांकडून आली. १९६५ साली न्यू जर्सीतल्या सक्कासुन्ना इथे बेल सिस्टिमचं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालं. चाळीस वर्षांत मिळून दोन तासांहून जास्त बंद पडायचं नाही, हे त्याचं उद्दिष्ट. त्यासाठी दोन प्रोसेसर एकच काम करत आणि उत्तरं ताडून पाहत. १९७५ साली हनीवेलचं टीडीसी २००० आणि योकोगावाचं सेंटम आलं आणि कारखान्यांत डीसीएसचं युग सुरू झालं. राखीव प्रोसेसरच्या कोल्ड आणि वॉर्म स्टँडबाय या प्रकारांवर फार लिहायला नको. पाण्याच्या टाकीला ते चालतात, रिअ‍ॅक्टरच्या तापमानाला चालत नाहीत.

हॉट स्टँडबायचं मर्म एका पीआयडी लूपमध्ये दिसतं. तापमान सेटपॉइंटवर स्थिर आहे, एरर शून्य आहे आणि व्हॉल्व्ह ६२ टक्के उघडा आहे. हे ६२ टक्के कुठून आले? इंटिग्रलमधून, म्हणजे मागच्या साऱ्या एररच्या बेरजेतून. स्टँडबायला ती बेरीज ठाऊक नसेल, तर सूत्रं हाती येताच व्हॉल्व्हला धक्का बसतो. दोघांना सारखे इनपुट दिले तरी भागत नाही. एकाने पल्स या स्कॅनमध्ये वाचला, दुसऱ्याने पुढच्या, की हिशेब वेगळे झाले. म्हणून सीमेन्सच्या एस७-४००एचमध्ये थेट इनपुट वाचताना किंवा इंटरप्ट आल्यावर दोन्ही सीपीयू आपसात जुळवणी करून घेतात. प्रोग्रामरला त्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. दोघांमध्ये फायबरच्या दोन केबल असतात. सारा दुवाच तुटला आणि दोघंही स्वतःला मास्टर समजू लागले, तर एकाच व्हॉल्व्हला दोन मालक होतील. या दोन केबल एकाच ट्रेमधून ओढणाऱ्या ठेकेदाराला दुसऱ्या केबलचा अर्थच कळलेला नसतो.

लेखकाचा जीव मात्र योकोगावाच्या ‘पेअर अँड स्पेअर’वर आहे. दोन प्रोसेसरची उत्तरं जुळली नाहीत, तर खोटं कोण? दोघांच्या भांडणात हे कळत नाही. योकोगावाने प्रत्येक कार्डावरच दोन प्रोसेसर बसवले. गणित जुळलं नाही की ते कार्ड स्वतःच बाजूला होतं आणि तेच गणित करत असलेलं शेजारचं कार्ड काम पुढे नेतं. बाजूला झालेलं कार्ड स्वतःची तपासणी करतं आणि दोष क्षणिक निघाला तर स्टँडबाय म्हणून परत रुजू होतं. बिघाड कुणाचा हे इतक्या प्रामाणिकपणे ठरवणारी रचना लेखकाच्या पाहण्यात दुसरी नाही.

तरीही दोघांत एकच सॉफ्टवेअर असेल, तर चूकही एकच असते. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ च्या पहिल्याच उड्डाणात दिशा सांगणारे दोन्ही संगणक एकाच कारणाने बंद पडले: ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही. आधी राखीव गेला, पाठोपाठ मुख्य. रॉकेट चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं.

सूत्रं नीट हस्तांतरित होतात का हे तपासायला पूर्वी शटडाउननंतर इन्स्ट्रुमेंटचा फोरमन चालू कार्ड हाताने ओढून काढी आणि सगळे चार्ट रेकॉर्डरच्या पेनाकडे बघत उभे राहत. रेघ सरळ राहिली तरच तो लॉगबुकात सही करी. आता हिरव्या दिव्यावर विश्वास टाकला जातो. लेखकाने पाहिलेल्या एका कारखान्यात स्टँडबाय कित्येक दिवस जुळवणीबाहेर होता. अलार्मच्या गर्दीत ती ओळ कुणी वाचलीच नाही. मुख्य सीपीयू गेला तेव्हा बॉयलर ट्रिप झाला.

हा अंक वाचणाऱ्या प्रत्येक इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरला एवढीच विनंती: येत्या शटडाउनमध्ये, प्लांट सुरू करण्याआधी, लूपला नकली सिग्नल द्या, चालू मॉड्यूल स्वतःच्या हाताने काढा, ट्रेंडची रेघ बघा आणि ती तारीख लॉगबुकात लिहा.