शालूचे रेशीम आणि तळ्यातला रोहू

वाराणसीच्या मदनपुऱ्यातल्या गल्ल्यांत मागांचा खटखटाट ऐकू येतो. आपल्याकडच्या लग्नांतले कितीतरी शालू इथूनच येतात. पण त्यांचे रेशीम बनारसात पिकत नाही. बरेचसे कर्नाटकातून येते. तिथे, आणि आपल्या जालना-बीड भागातही, शेतकरी तुतीच्या पाल्यावर रेशीमकिडे वाढवतात. कोष गरम पाण्यात सोडून धागा उलगडला की आत मेलेला प्युपा उरतो. एक किलो कच्च्या रेशमामागे असे सुमारे ८ किलो ओले प्युपे निघतात, वाळवल्यावर २ किलो.

वास असा की नाक धरावे. पण वाळलेल्या प्युप्यात जवळजवळ निम्मी प्रथिने असतात; तेल काढून घेतले तर ती ७० टक्क्यांच्या घरात जातात. मत्स्यशेतीला नेमकी हीच गरज आहे.

पूर्व उत्तर प्रदेशातल्या तळ्यांत रोहू, कटला, मृगळ यांना मोहरीची पेंड आणि भाताचा कोंडा घालण्याची जुनी रीत आहे. पेंड स्वस्त, पण तिच्या प्रथिनांत लायसिन तोकडे पडते. म्हणून कारखान्यातल्या खाद्यात बऱ्याचदा फिशमील, म्हणजे सुक्या मासळीची पूड, मिसळतात. एक किलो फिशमीलला चार किलोंहून अधिक ताजी मासळी लागते. कोकणात गरिबाच्या भाकरीबरोबरची तारली अशी गिरणीत जाते आणि तिच्यावर दुसरा मासा पोसला जातो. हा हिशेब मला तरी पटत नाही.

तरीही प्युपे आणले आणि तळ्यात टाकले, असे चालत नाही. अडचण त्यांच्या तेलाची आहे. ते लवकर खवट होते. जपानमध्ये असे खवट प्युपे खाऊन कार्प माशांच्या पाठीचे मांस झडू लागले. त्या रोगाला तिथे ‘सेकोके’ म्हणतात. खाद्यात ई जीवनसत्त्व घातल्यावर तो टळला. शिवाय प्युपे फार झाले तर माशाच्या मांसालाही वास येतो. तेव्हा प्युपे लगेच वाळवायचे, तेल काढायचे आणि बेतानेच मिसळायचे.

रेशीम जवळपास नसेल तिथे ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ ही माशी आहे. नावातच सोल्जर, त्यामुळे छात्रांना ती आवडावी! तिच्या अळ्या ओला कचरा खाऊन साधारण दोन आठवड्यांत तयार होतात आणि वाळवल्यावर त्यांत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने भरतात. मोठी माशी चावत नाही, घरमाशीसारखी अन्नावरही घोंघावत नाही. मेसमधल्या भाज्यांच्या साली आणि उरलेला भात तिच्या अळ्यांना चालतो.