आधीचे मांजर, नंतरचा कुत्रा

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्यातील संध्याकाळी जाणत्यांचे विचार ऐकण्याची आपल्याकडे वहिवाट पडली आहे. अशा व्यासपीठावरून कुत्र्या-मांजराविषयी बोलावयास आम्ही उभे राहिलो, हे पाहून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्याचा जन्म गेटसभांत आणि करारांच्या वाटाघाटींत गेला, त्याने पगाराविषयी बोलावे, बोनसाविषयी बोलावे. हा विषय त्याला कोणी सांगितला?

विषय आमच्या वस्तीनेच दिला आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि भोसरी, आकुर्डी करीत कारखान्यांची रांग पुढे चाकणपर्यंत गेली. गेट आले तेथे कॅन्टीनच्या उरल्यासुरल्या चपातीवर जगणारी कुत्रीही आली. तिसरी पाळी सुटली की एखादे पिल्लू कामगाराच्या पायाशी घोटाळत निघते. कामगार विरघळतो, पिल्लू घरी आणतो. घरात मात्र उंदरांसाठी पाळलेले मांजर आधीपासून नांदत असते. तंटा तेथून सुरू होतो.

या परीक्षेत आम्ही स्वतः एकदा नापास झालो आहोत. वीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या गेटवर भर पावसात आमचे धरणे चालले होते. धरणे उठले त्या रात्री मंडपातले पिल्लू आम्ही पिशवीत घालून घरी आणले. घर म्हणजे एक खोली आणि मोरी. घरात सहा वर्षांची मनी होती. आम्ही पिल्लू खोलीच्या मधोमध ठेवले, मनीला उचलून त्याच्यापुढे धरले आणि म्हटले, घ्या ओळख करून! मनीने पिल्लाचे नाक फाडले, आमच्या धाकटीचा हात ओरबाडला आणि ती माळ्यावर जाऊन बसली. आम्ही रागावलो तेही तिलाच. दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावले नाही. तिसऱ्या रात्री ती खिडकीतून गेली, ती परत आली नाही. आमच्या सौ. पुढे महिनाभर रात्री बशी वाजवून तिला हाका मारीत असत.

चूक मनीची नव्हती. तिच्या सहा वर्षांच्या जागेचा निकाल आम्ही तिला विश्वासात न घेता एका रात्रीत लावला होता. कोणा मालकाने कामगाराशी असे केले असते, तर दुसऱ्या दिवशी आम्हीच गेटवर उभे राहिलो असतो.

त्यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारले. कुत्र्या-मांजराचे वैर जन्माचे, असे लोक म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. कुत्रा लांडग्याच्या कुळातला, टोळीने राहणारा. मांजराचा पूर्वज एकट्याने शिकार करणारा. माणसाने धान्य साठविले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरामागे मांजर आले. म्हणून कुत्र्याचे घर म्हणजे बहुतांशी घरची माणसे, आणि मांजराचे घर म्हणजे ती जागा, तो कोपरा, ती वाट. शिवाय दोघांची भाषा निराळी. कुत्रा अंग सैल सोडून शेपूट हलवितो तेव्हा तो खुशीत असतो. मांजर शेपूट आपटू लागले की ते चिडलेले असते. कुत्रा खेळावयास बोलावताना पंजा पुढे करतो. मांजराच्या लेखी उचललेला पंजा म्हणजे फटका. एकमेकांचा अर्थ उलटा लागतो आणि भांडण जुंपते.

पण ही भाषा शिकता येते. तेल अवीव विद्यापीठातील दोघा संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, दोन्ही जनावरे पाळणाऱ्या सुमारे दोनतृतीयांश घरांत त्यांचे बरे जमते असे आढळले. मांजर घरात आधी आलेले असले आणि दोघेही लहान वयाचे असले, म्हणजे अधिक बरे जमते. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी कुत्र्यांवर अनेक वर्षे प्रयोग करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे तीन महिन्यांपर्यंत पिल्लू ज्यांच्या सहवासात येते त्यांना ते आपले मानू लागते, असे त्यांनी दाखविले. तरीही मोठा कुत्रा शिकतच नाही असे नव्हे. त्याला वेळ अधिक द्यावा लागतो इतकेच.

आता प्रत्यक्ष करावयाचे काय? चार वर्षांपूर्वी आम्ही चाकणहून वाघ्याला आणले तेव्हा घरात ठमी नावाचे मांजर होते. या खेपेला आम्ही क्रम बदलला. कुत्रा आणण्याच्या आठवडाभर आधी भिंतीवर छातीएवढ्या उंचीला एक फळी ठोकली, आणि ट्रंकेवरून कपाटावर व तेथून फळीवर अशी वाट केली. ठमीचे जेवण वर नेले. तिची रेतीची पाटी कुत्र्याचे तोंड पोचणार नाही अशा आडोशाला ठेवली. मांजराला पळावयास वाट आणि चढावयास उंची मिळाली, म्हणजे ते नखे काढण्याचे कारण पुष्कळ कमी होते.

दुसरी पायरी वासाची. दोन्ही जनावरे नाकाने ओळख करून घेतात. वाघ्या मोरीच्या बाजूला जाळीच्या दाराआड होता. त्याच्या अंगाखालचे पोते ठमीच्या जागेजवळ आणि तिची गोधडी त्याच्याजवळ, अशी अदलाबदल आम्ही रोज केली. आरंभी ठमी पोत्यावर फिसकारली. पाचव्या दिवशी त्याच्या शेजारी बसून जेवली. तेव्हा पुढची पायरी घेतली.

तिसरी पायरी दर्शनाची. आधी कुत्र्याला लांब फिरवून दमवावे. गळ्यात पट्टा, दोरी आपल्या हातात, मांजर मोकळे. बंधन नव्यावर घालावयाचे, जुन्यावर नव्हे. कुत्र्याने मांजराकडे पाहून मान आपल्याकडे वळविली की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावा. पाच मिनिटे झाली की भेट संपवावी. कुत्र्याला मारू नये. मांजर दिसले की मार बसतो, एवढेच तो शिकतो, आणि त्याचा राग मांजरावर निघतो. मांजराला हातात धरून पुढे तर कधीच करू नये. कुत्रा ताठ उभा राहून टक लावू लागला आणि अंड्याकडेही बघेना, तर ते शिकारीचे लक्षण समजून त्याला दूर न्यावे. आपल्याकडील कारवानी कुत्री नजरेने सावज धरणारी. पळते मांजर पाहून त्यांचा पाय ठरत नाही. तेथे दुप्पट सावधगिरी हवी.

ही प्रगती आठवड्यांनी मोजावी, कधी महिन्यांनी. दोघांना एकटे सोडून कामावर जाण्याची घाई करू नये. आमच्या घरी अडीच महिने लागले.

आरोग्याच्या चार गोष्टी याबरोबर आल्या. दोघांनाही रेबीजची लस टोचून घ्यावी. ओरखडा किंवा चावा बसला तर हळदीवर न भागविता ती जागा साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक महापालिकेचे रुग्णालय गाठावे. कुत्र्याच्या गोचिडांवरील काही औषधांत परमेथ्रिन असते. ते मांजराला विष आहे, म्हणून औषध डॉक्टरांना विचारून आणावे. मांजराला मांसातून मिळणारे टॉरिन नावाचे द्रव्य लागतेच. ते कमी पडले तर त्याचे हृदय आणि डोळे बिघडतात. कुत्र्याच्या उरलेल्या भाकरी-दुधावर त्याला ठेवू नये. आणि मांजर दिवसभर जेवले नाही तर 'रुसले असेल' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. आमच्या मनीच्या वेळी हे आम्हाला ठाऊक नव्हते.

इतके करूनही काही जोड्या जमत नाहीत. तेव्हा घरात दोन भाग करून राहावे, नाही तर कुत्र्याला सांभाळणारे दुसरे घर शोधावे. पण नको झालेला कुत्रा टेम्पोत घालून आडरस्त्याला सोडण्याचे प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. त्याला नवी टोळी हद्दीत घेत नाही, आणि रात्री माल वाहणाऱ्या गाड्या त्याला पाहत नाहीत. पाळीव जनावर असे टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

वाघ्या आणि ठमी यांचे फार सख्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. ती फळीवर निजते, तो फळीखाली निजतो. थंडीत कधी तीच खाली उतरून त्याच्या पाठीला टेकते. आमची विनंती एवढीच, की तिसऱ्या पाळीहून परतताना एखादे पिल्लू मागे लागले आणि मन विरघळले, तर त्याला मित्राकडे आठ दिवस ठेवावे, आणि आधी घरी जाऊन भिंतीवर फळी ठोकावी.