मशेरीचा कुणाला राग येत नाही

काही वर्षांपूर्वी चित्रपटगृहात दिवे मालवले की पडद्यावर मुकेश यायचा. भुसावळचा, अवघा २४ वर्षांचा, गुटख्याने तोंडाचा कर्करोग झालेला तरुण. टाटा रुग्णालयात त्याचं चित्रण झालं आणि २००९ साली तो गेला. जाहिरात सुरू झाली की तोंड फिरवणारे प्रेक्षक होते, पण त्याचं नाव कुणी विसरलं नाही.

२००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक शोधनिबंध आला. विषय मुंबईतल्या १,२१७ गर्भवती. नवी मुंबईत महापे इथे असलेल्या हीलिस सेखसरिया सार्वजनिक आरोग्य संस्थेची धुरा सांभाळलेले डॉ. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी तो लिहिला होता. ज्या स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत होत्या, त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. वेळेआधी प्रसूती होण्याचा धोकाही वाढलेला दिसला. यातल्या बहुतेकींची तंबाखू म्हणजे मशेरी. या निबंधाची आठवण आज किती जणांना आहे? खरं तर मुकेशच्या चेहऱ्याइतकंच हे १०५ ग्रॅमही महाराष्ट्राचं दुःख आहे.

असं का होतं, याचा अभ्यास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी केला आहे. एका ओळखीच्या माणसाच्या वेदनेने मन हलतं, तेवढं आकडेवारीने हलत नाही. धोका जोखतानाही आपण बऱ्याचदा हिशेब करत नाही, मनात काय उमटतं ते पाहतो. एखाद्या गोष्टीची किळस किंवा भीती वाटली की ती सर्व बाजूंनी वाईटच भासते आणि तिचा उपयोग शून्य वाटतो. सवयीची, आपुलकीची गोष्ट असेल तर तिचा धोकाही कमी वाटतो. हे अडाण्यांचं होतं आणि जाणकारांचं होत नाही, असं नाही. कायदे करणारे आणि ते राबवणारेही याच मनाने विचार करतात.

भावना धोरणाच्या आड येते, असं मात्र मला म्हणायचं नाही. टाटा स्मारक केंद्रातले शल्यविशारद डॉ. पंकज चतुर्वेदी यांनी जबडे, जिभा गमावलेले रुग्ण राज्यकर्त्यांसमोर आणले. ते योग्यच केलं. महाराष्ट्राने २००२ मध्ये घातलेली गुटखाबंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नव्हती. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थांत तंबाखू आणि निकोटिन घालायला मनाई केली आणि जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी आणली. कायद्याचा आधार नियमांनी दिला, इच्छाशक्ती त्या चेहऱ्यांनी दिली.

पण जे दिसतं त्याच्यापुरतीच भावना धावते. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवलं की अमेरिकेत सिगारेट ही हळूहळू आवडीनिवडीची बाब न राहता नीतीची बाब बनली. त्यात दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा वाटा मोठा होता. १९८१ साली जपानच्या हिरायामा यांनी दाखवलं होतं की सिगारेट ओढणाऱ्या नवऱ्यांच्या, स्वतः न ओढणाऱ्या बायकांनाही फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. धूर दुसऱ्याच्या छातीत जातो हे कळलं आणि लोकांच्या रागाला नैतिक बळ आलं. आपल्याकडेही सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी आली ती मुरली देवरा यांच्या याचिकेवर २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाने.

आता महाराष्ट्राकडे पाहा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपलं दुखणं धुरात नाही, गालात आणि हिरड्यांवर आहे. तंबाखू चघळणाऱ्यावर समाज चिडतो तो थुंकल्यावर. भिंत रंगली की दंड होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण कर्करोग भिंतीला होत नाही. मशेरी लावणारी बाई तर मोरीपाशीच चूळ भरते. तिच्या तंबाखूचा धूर नाही, पिंक नाही, पाकीटही नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, वाटायची, डबीत भरायची. पाकिटावरचं ८५ टक्के जागा व्यापणारं चित्र त्या डबीपर्यंत पोचणार कसं? आणि इथेही इजा दुसऱ्याला होतेच आहे. ती पोटातल्या बाळाला होते, एवढाच फरक.

याउलट २०१९ मधली ई-सिगारेटवरची बंदी आठवा. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत तरुणांची फुप्फुसं अचानक निकामी होऊ लागली होती आणि जगभर घबराट होती. १८ सप्टेंबरला आपल्याकडे वटहुकूम निघाला. मे महिन्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने बंदीची शिफारस केलेली होती, त्यामुळे निर्णय केवळ भीतीपोटी झाला असं म्हणता येणार नाही. शाळकरी मुलांना या उपकरणांपासून दूर ठेवण्याची काळजीही रास्तच, कारण वाढत्या वयाच्या मेंदूला निकोटिन घातक आहे. मात्र अमेरिकेतल्या त्या आजाराचा मुख्य संशयित पुढे वेगळाच निघाला. गांजातला घटक भरलेल्या ई-सिगारेटच्या काडतुसांत मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. नवं, परकं उपकरण काही महिन्यांत बंद झालं. जुनी, घरची बिडी मात्र सुरू राहिली. इतकंच नव्हे, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने तिच्यावरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. सोलापुरात बिड्या वळून संसार चालवणाऱ्या बायकांची कणव मलाही येते. पण त्यांना दुसरं काम आणि बरी मजुरी मिळवून देणं ही खरी कणव आहे. बिडी स्वस्त झाली की ती ओढणाऱ्या मजुराची फुप्फुसं लवकर जातात.

या सगळ्या रागलोभात निकोटिनचं खरं काम बाजूला राहतं. निकोटिन मेंदूतल्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतं, डोपामाइन सुटतं आणि शरीर पुन्हा पुन्हा ते मागू लागतं. व्यसन लावण्याचं काम त्याचं. कर्करोग घडवतात ते तंबाखूतले नायट्रोसामाइन आणि जळण्यातून होणारी डांबरी द्रव्यं. निकोटिन निरुपद्रवी नाही, गर्भालाही नाही, तरी तंबाखू सोडवताना त्याचाच मोजका डोस च्युइंगमच्या रूपाने देता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध २००९ मध्ये आवश्यक औषधांत घेतलं, भारताने २०२२ च्या यादीत. पण ज्याच्या लेखी व्यसन म्हणजे पाप, तो निकोटिनवर निकोटिन कसं चालेल असंच विचारणार आणि मनाचा निर्धार कमी पडला म्हणून रुग्णालाच बोल लावणार.

मशेरीवाल्या बाया सांगतात, ‘लावल्याबिगर पोट साफ होत नाही.’ डॉक्टर हे हसण्यावारी नेतात, पण निकोटिन आतड्याची हालचाल खरोखर वाढवतं. तिची तक्रार खरी आहे असं कबूल करून, सोडल्यावर पहिले काही दिवस बद्धकोष्ठ होईल, चिडचिड होईल आणि मग ओसरेल, एवढं तिला सांगितलं तरी ती ऐकते. धमकावलं तर डबी लपवते.

म्हणून गर्भारपणाच्या पहिल्या तपासणीत रक्तदाबाइतक्याच सहजपणे विचारलं गेलं पाहिजे, ‘ताई, मशेरी लावता का?’ नुसतं ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर ती खरेपणाने नाही म्हणते, कारण मशेरी ती खात नाही, दातांना लावते. उत्तर हो आलं तर आधी समुपदेशन करावं, कारण गर्भवतीला निकोटिनचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देता येत नाही. त्याच वेळी सासूशीही बोलावं. पुष्कळ घरांत तव्यावर तंबाखू भाजते ती सासूच, आणि सुनेला पहिली चिमूटही तिच्याच डबीतून मिळालेली असते.