चित्र हलले की गप्पा थांबतात

‘‘कार्टून लावल्याशिवाय घासच घेत नाही बघा,’’ ही कोल्हापुरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या ओळखीची तक्रार. त्याच खेपेला, उठता उठता, दुसरीही निघते : ‘‘अडीच वर्षांचा झाला, पण अजून नीट बोलत नाही.’’ या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असू शकतो, हे पालकांच्या ध्यानात येत नाही. त्यांचे म्हणणे असते, ‘‘आम्ही मारामारीचे काही लावत नाही. गोष्टीच्या पुस्तकावरून केलेले, शहाणे कार्टून असते.’’

मग पुस्तकावरून केलेले कार्टून म्हणजे पुस्तकच का? याचे उत्तर शोधताना एक परदेशी मालिका उपयोगी पडते, कारण ती थेट संशोधनात वापरली गेली आहे.

कॅनडातल्या माँट्रियल शहरातून 1989 मध्ये ‘कायू’ नावाच्या मुलाची चित्रपुस्तके निघू लागली. 1997 मध्ये त्यांवरून ॲनिमेशन मालिका आली. फ्रेंच भाषेत ‘कायू’ म्हणजे छोटा गोटा आणि या पोराच्या डोक्याचाही तुळतुळीत गोटाच! केस नाहीत म्हणून त्याला कर्करोग असावा, अशी आवई बरीच वर्षे फिरली. ती खोटी आहे. आधीच्या पुस्तकांत तो अगदी लहान बाळ होता. पुढे त्याला मोठा केला तेव्हा डोक्यावर केस चितारले असते, तर मुलांनी त्याला ओळखले नसते.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातील अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी 2011 मध्ये चार वर्षांच्या 60 मुलांचे तीन गट केले. एका गटाला ‘स्पंजबॉब’ हे भरधाव कार्टून दाखवले. त्यात सरासरी 11 सेकंदांनी दृश्य बदलते. दुसऱ्या गटाला ‘कायू’ दाखवले, त्यात सुमारे 34 सेकंदांनी. तिसऱ्या गटाला कागद आणि रंग दिले. वेळ फक्त 9 मिनिटे. लगेच नंतर, समोर खाऊ असताना थांबता येते का, सूचना लक्षात ठेवून नेमके उलटे करता येते का, हे तपासले. पहिला गट स्पष्टपणे मागे पडला. ‘कायू’ पाहिलेली मुले आणि चित्रे काढणारी मुले यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही.

हा परिणाम पाहिल्यानंतर लगेचचा आहे. तो किती काळ टिकतो, हे या प्रयोगातून कळत नाही. लिलार्ड यांच्या 2015 मधील प्रयोगांत तर वेगापेक्षा अशक्यप्राय घटनांचा मारा अधिक महत्त्वाचा ठरला. तरीही शहाणे कार्टून निवडणाऱ्या पालकांचे निम्मे म्हणणे खरे ठरते.

उरलेले निम्मे तपासले सिनसिनाटी येथील बालरुग्णालयातल्या डॉ. जॉन हटन यांनी. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार वर्षांच्या आसपासच्या 27 मुलांना एमआरआय यंत्रात गोष्टी दिल्या : एक नुसती ऐकायला, एक स्थिर चित्रांसह आणि एक ॲनिमेशनच्या रूपात. ॲनिमेशनच्या वेळी मेंदूची पाहण्या-ऐकण्याची केंद्रे गर्क होती; पण मेंदूच्या वेगवेगळ्या जाळ्यांमधला संवाद मात्र घटला. गोष्टही मुलांना सर्वांत कमी समजली. स्थिर चित्रे पाहताना दृष्टी आणि कल्पनाशक्ती यांची जाळी एकमेकांशी उत्तम जोडली गेली.

कारण साधे आहे. पुस्तकातल्या चित्रात कुत्रा दारात उभा असतो. पुढे काय, हे मुलाला मनात रंगवावे लागते. कार्टूनमध्ये तो आत धावत येऊन मोकळाही झालेला असतो.

शिवाय पुस्तकासोबत माणूस असतो. ‘‘भूभू कुठं निघालं?’’ असे विचारून आजी थांबते. मूल नुसते ‘‘भू’’ म्हणते. ‘‘होय की, घरी निघालं!’’ ही जी देवघेव होते, त्यातून भाषा रुजते. पडदा बोलतो भरपूर. उत्तरासाठी थांबत नाही. गंमत म्हणजे ‘कायू’च्या सुरुवातीच्या भागांतही एक आजीच नातवंडांना पुस्तक वाचून दाखवते. मालिकावाल्यांना जे मोल कळले, ते आपल्या घरात शेजारीच बसलेले असते.

जागतिक आरोग्य संघटना (2019) आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना यांचा सल्ला जवळपास एकच आहे : दोन वर्षांखाली पडदा नको, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्या माणसासोबत. कामावरून दमून आलेल्या आईला हे अवघड वाटते, त्यात तिचा दोष नाही. सुरुवात एका जेवणापासून करावी. चार दिवस रडारड होईल. पण भूक लागलेले निरोगी मूल शेवटी जेवते. कार्टून लावलेच, तर संपल्यावर त्यातल्या गोष्टीवर बोलावे. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारखी मराठी चित्रपुस्तके आहेत. कोल्हापुरात 1850 पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आहे. काहीच नसेल, तर जुन्या कॅलेंडरवरचे चित्रही चालते.

मात्र बोलायला होणारा प्रत्येक उशीर कार्टूनमुळे नसतो. दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, असे असेल तर ‘‘त्याचा बापही उशिराच बोलला होता’’ म्हणत थांबू नये. आधी कान तपासावेत, मग वाढीची तपासणी करावी. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वाढीतल्या विलंबाची तपासणी मोफत होते.

आज रात्री जेवताना मोबाइल बाजूला ठेवून ताटातल्या भाकरीकडे बोट दाखवावे आणि विचारावे, ‘‘हे काय?’’ मग उत्तराची वाट पाहावी.