सिंहगडाचा चढ आणि ऐटीचा गिअर

(हौशी सायकलस्वारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सुरुवात एका कबुलीने करतो. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. दातेरी चाकांचं गुणोत्तर हा विषय मी फळ्यावर वीसएक वर्षं शिकवला. आणि स्वतःच्या सायकलवर बसलो की तो विषय मी साफ विसरत होतो. त्याची किंमत माझ्या उजव्या गुडघ्याने सात महिने मोजली. आजचं बोलणं त्या गुडघ्याबद्दल आहे असं समजा.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे दृश्य ओळखीचं असेल. रविवारची सकाळ, सिंहगडावर पंधरावीस सायकली भिंतीला टेकवलेल्या, दही आणि पिठलं-भाकरीची ऑर्डर गेलेली. नवीन कोणी आलं की त्याच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही, सगळे मागच्या चाकाकडे बघतात. “मागे किती?” “बत्तीस.” “बत्तीस? अरे, हा तर आजीचा गिअर!” (हशा) हसू नका, मीही त्यात होतो. माझ्या सायकलला तेव्हा मागे पंचवीस आणि पुढे एकोणचाळीस होते, आणि मला त्याचा अभिमान होता.

ज्यांना हे आकडे परके आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेसिंग सायकलला पायडलपाशी दोन दातेरी चकत्या असतात, एक मोठी, एक लहान. मागच्या चाकाला दहा, अकरा, बारा चकत्यांची चळत असते, तिला कॅसेट म्हणतात. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागा. जो आकडा येईल तितक्या वेळा, पायडलच्या एका फेरीत, मागचं चाक फिरतं. पुढे ३९ आणि मागे २५ असतील तर १.५६ वेळा. पुढे ३४ आणि मागे ३४ असतील तर बरोबर एकदा. आकडा लहान तेवढा पाय हलका, पण अंतरही तेवढंच कमी कापलं जातं. चढाला लहान आकडा, उताराला मोठा. एवढंच शास्त्र आहे.

मग ऐट कुठून आली? शर्यतीतले व्यावसायिक स्वार कित्येक वर्षं पुढे ५३ आणि ३९, आणि मागे ११ ते २३ किंवा २५ अशी रचना वापरत. आपण टीव्हीवर त्यांना आल्प्स चढताना बघितलं, आणि मनात बसलं की खरा सायकलपटू म्हणजे हे आकडे. जसे मोजे घोट्याच्या वर ठरावीक उंचीचे हवेत, हँडल खाली दाबलेलं हवं, सीटखाली पिशवी लटकता कामा नये, तसाच गिअरही ‘प्रो’ हवा. मोज्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. रुबाब ही वाईट गोष्ट नाही. थंडीत पहाटे पाचला मला अंथरुणातून बाहेर काढणारा पुष्कळदा रुबाबच होता. गिअरचं मात्र तसं नाही, कारण गिअर शरीराशी जोडलेला आहे.

आता थोडा हिशेब करू. घाटाच्या खड्या तुकड्यावर आठ टक्के चढ धरू, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की आठ मीटर वर. स्वार पंचाहत्तर किलोचा. सायकल, पाण्याची बाटली, पंक्चरचं सामान मिळून दहा किलो. बऱ्यापैकी सराव असलेला हौशी माणूस तासभर टिकवू शकेल अशी ताकद १८० वॅट धरू. जुन्या साठ वॅटच्या तीन बल्बांइतकी. एवढ्या ताकदीत, एवढं वजन, एवढ्या चढावर किती वेगाने वर जाईल? ताशी साधारण नऊ किलोमीटर. गुरुत्वाकर्षणाशी घासाघीस करता येत नाही. कार्बनची फ्रेम घेतलीत तरी हा आकडा फारसा हलत नाही.

ताशी नऊ म्हणजे मिनिटाला दीडशे मीटर. आपल्या चाकाचा घेर २.१ मीटर, म्हणजे चाकाच्या मिनिटाला एकाहत्तर फेऱ्या. आता माझा तो ऐटीचा गिअर लावा, १.५६ चा. पायडल मिनिटाला फिरलं फक्त सेहेचाळीस वेळा. सायकलीच्या भाषेत याला केडन्स म्हणतात. सेहेचाळीसचा केडन्स म्हणजे उसाचा चरक हाताने फिरवल्यासारखं. प्रत्येक फेरीत पाय वरच्या टोकाला अडतो, सगळं अंग त्यावर टाकावं लागतं, हँडल डावी-उजवीकडे हेलकावे खातं.

आता तोच चढ, तोच गिअर, पण स्वार अव्वल दर्जाचा व्यावसायिक. वजन पासष्ट किलो, सायकल-बाटलीसह त्र्याहत्तर. तो अर्धा तास पावणेचारशे वॅटच्या आसपास ताकद लावू शकतो. आपले तीन बल्ब, त्याचे सहाच्या वर. तो त्या चढावर ताशी वीसने जातो. १.५६ च्या गिअरमध्ये त्याचा केडन्स किती? जवळजवळ शंभर.

इथे जरा थांबा आणि हे दोन आकडे शेजारी ठेवा. तोच गिअर, त्याचे पाय शंभरने फिरतायत, माझे सेहेचाळीसने. तो शिलाई मशीन चालवल्यासारखा बसून, खांदे सैल सोडून जातोय, आणि मी चरक ओढतोय. मी त्याच्यासारखा दिसावा म्हणून तो गिअर घेतला, आणि नेमका त्याच गिअरमुळे मी त्याच्यासारखा अजिबात दिसत नव्हतो! (हशा) त्या वेगाला त्याच्यासारखे शंभरने पाय फिरवायचे तर मला ०.७ च्या आसपासचा गिअर लागेल, म्हणजे पुढे तीस, मागे बेचाळीस. तो डोंगरातल्या माउंटन बाइकचा गिअर झाला.

मी नक्कल केली ती त्याच्या सामानाची. त्याचे पाय तसे का फिरतात हे मी पाहिलंच नाही. त्याचा गिअर त्याच्या ताकदीला मापून शिवलेला आहे. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

आता गुडघ्याकडे येऊ. ताकद म्हणजे जोर गुणिले फेऱ्या. १८० वॅट सेहेचाळीस फेऱ्यांत काढायचे तर पायडलवर सरासरी बावीस किलोचा जोर पडतो. एकाहत्तर फेऱ्यांत काढले, म्हणजे ३४ ला ३४ लावला, तर साडेचौदा किलोचा. ही सरासरी झाली. पाय खाली दाबताना जोर याच्या साधारण दुप्पट होतो, कारण एका वेळी एकच पाय दाबत असतो. असा चढ तासभर चढलात तर पहिल्या पद्धतीत पावणेतीन हजार फेऱ्या, दुसऱ्यात सव्वाचार हजार. काम दोन्हीकडे तेवढंच. घरात पाणी भरण्यासारखं आहे बघा. मोठा हंडा घेऊन कमी खेपा करा, नाहीतर कळशी घेऊन जास्त खेपा करा. पिंप तेवढंच भरतं. कमरेला मात्र फरक कळतो.

माझी बाजू जिंकावी म्हणून अर्धी गोष्ट सांगणं बरोबर नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. पाय भराभर फिरवणं फुकट नाही. तेवढ्याच ताकदीला केडन्स वाढवला तर प्राणवायू थोडा जास्त लागतो, धाप जास्त लागते, कारण पाय नुसते गरगर फिरवायलाही शक्ती जाते. कमी ताकदीवर तर हे अधिकच जाणवतं. त्यामुळे हौशी माणसाने शंभरच्या मागे लागू नये. माझ्यासारख्याला चढावर पासष्ट ते पंचाहत्तर ठीक पडतं. कुणाला साठ बरं वाटेल. पण निवडायची मोकळीक हवी, आणि ती हलका गिअर सायकलवर असेल तरच मिळते. तो नसेल तर गिअर संपल्यावर केडन्स तुम्ही ठरवत नाही, घाट ठरवतो.

आता जरा इतिहास, कारण या ऐटीला मोठी परंपरा आहे. तूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. तिचे संचालक आंरी देग्रांज हे गिअर बदलण्याच्या यंत्राच्या विरोधात होते. शर्यत माणसाच्या स्नायूंची असावी, यंत्राच्या करामतीची नाही, असा त्यांचा आग्रह. म्हणून स्वारांच्या मागच्या चाकाला दोन बाजूंना वेगवेगळ्या चकत्या असत. घाट आला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून लावायचं आणि पुन्हा निघायचं. डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्राला, त्या शर्यतीत परवानगी मिळाली ती १९३७ साली.

पण तोपर्यंत सामान्य फ्रेंच सायकलस्वार काय करत होता? तो केव्हाच गिअर वापरू लागला होता. सेंत-एतियेन या डोंगराळ भागातल्या गावी पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ होते. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत आणि सायकलस्वारांसाठी मासिक चालवत. त्यांनी आयुष्यभर एकच प्रचार केला: एकापेक्षा जास्त गिअर ठेवा आणि डोंगर मजेत चढा. म्हणजे बघा, गिअर ही आधी हौशी भटक्यांची वस्तू. शर्यतवाल्यांकडे ती मागाहून आली. आणि आज आपण हौशी लोक, हलका गिअर लावला तर शर्यतवाले काय म्हणतील म्हणून लाजतो.

बरं, शर्यतवाले आज काय वापरतात? शिमानो कंपनीची ‘ड्युरा-एस’ ही शर्यतीसाठीची सर्वात वरची श्रेणी. २०२१ साली तिची बारा गिअरची आवृत्ती आली, तेव्हा ५३ आणि ३९ ही जोडी यादीतून गेली आणि कॅसेट ११ ते ३० आणि ११ ते ३४ अशा आल्या. चौतीस! ज्या आकड्याला आपण गडावर आजीचा गिअर म्हणत होतो त्याच्याही पुढचा, आणि तो सर्वात महागड्या रेसिंग सामानात. आपण ज्यांची नक्कल करत होतो ते केव्हाच पुढे निघून गेले.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, पुढे ५० आणि ३४ ची जोडी लावली तर वेग कमी होईल. हिशेब करा. ५० ला ११, केडन्स नव्वद, वेग ताशी एक्कावन्न किलोमीटरच्या पुढे. ५३ ला ११ लावला तर साडेचोपन्न. सपाटीवर आपल्यातलं कोण एक्कावन्नने जातं त्यांनी हात वर करा. (हशा) दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. कॅसेट मोठी घेतली की शेजारच्या चकत्यांमधलं अंतर वाढतं, आणि सपाट रस्त्यावर पाहिजे तो नेमका केडन्स सापडत नाही. तुम्ही सोलापूर रस्त्यालाच चालवत असाल, घाट चढतच नसाल, तर ११ ते २५ तुमच्यासाठी उत्तम. प्रश्न रस्त्याचा आणि पायांचा आहे.

घरी जाऊन काय करायचं? पुढच्या रविवारी तुमच्या नेहमीच्या घाटाच्या सर्वात खड्या तुकड्यावर, सर्वात हलक्या गिअरमध्ये, बसून, शेजाऱ्याशी दोन वाक्यं बोलता येतील अशा बेताने चढा. उजवा पाय पंधरा सेकंदांत किती वेळा खाली जातो ते मोजा, चाराने गुणा. आकडा साठच्या खाली आला तर तुम्हाला आणखी हलका गिअर हवा, असा माझा ठोकताळा आहे. आधी मागची कॅसेट बदलण्याचा विचार करा, पुढचा क्रँक बदलण्यापेक्षा ते सहसा स्वस्त पडतं. पण दुकानात विचारून घ्या की तुमचा डिरेलर किती दात्यांपर्यंतची चकती पेलतो. नसेल पेलत तर लांब केजचा डिरेलर लागतो, आणि चेनही बहुधा लांब घ्यावी लागते. जुनीच आखूड चेन ठेवून मोठ्या चकतीवर गेलात तर ती ताणली जाऊन डिरेलर मोडू शकतो.

शेवटी ती कबुली पुरी करतो. आमच्या गटात एक बाई यायच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. मागे बत्तीस तेव्हा त्यांचंच होतं. त्या सावकाश, न थांबता, एकदाही पाय न टेकता गड चढायच्या. वर आल्या की आम्ही गिअरवरून चेष्टा करायचो. मीही केली. काही महिन्यांनी त्या यायच्या बंद झाल्या आणि कुणी विचारलंही नाही. पुढे माझा गुडघा गेला. जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, “एवढा जोर कशासाठी लावता?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सायकल पुन्हा सुरू करायची ठरलं तेव्हा मी पहिला फोन त्या बाईंना केला. माफी मागायचं मनात होतं, पण तोंडातून निघालं, “तुमची कॅसेट कुठली हो?” त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. कॅसेट कुठली, डिरेलर कुठला, चेन किती लांब. मग म्हणाल्या, “गटात यायचं सोडलं, गड नाही सोडला. बुधवारी जाते, गर्दी नसते.”

मी आता बुधवारी जातो. माझ्याकडे चौतीस आहे. तरी त्या माझ्या आधी वर पोचतात.

प्रश्न असतील तर विचारा.