किडनीचा आजार आणि मशरूम: वाटी नको, वजन बघा

किडनीचा आजार निघाला की पहिली गदा येते ती ताटावर. पोटॅशियमच्या धास्तीने केळं बंद, नारळपाणी बंद, टोमॅटो बंद. मशरूमचं मात्र कुणाच्याच घरी एकमत नसतं. एक म्हणतो बंद, दुसरा म्हणतो बिनधास्त खा. दोघांचंही चुकतं.

‘मशरूम म्हणजे नुसतं पाणी, त्यात पोटॅशियम कुठलं?’ पाणी ९२ टक्के आहे, हे खरं. तरीही १०० ग्रॅम कच्च्या बटण मशरूममध्ये साधारण ३२० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. तेवढ्याच वजनाच्या केळ्यात ते ३६०च्या आसपास भरतं.

खरी गफलत होते कढईत. २०० ग्रॅमचं पाकीट चिरून टाकलं की कढई भरते. मग पाणी सुटतं, आणि ते आटेपर्यंत परतलं की उरते जेमतेम वाटीभर भाजी. पाणी उडून गेलं, सहाशेच्या वरचं पोटॅशियम मात्र तिथेच आहे. खाणारा वर म्हणतो, “एकच वाटी तर घेतली!” म्हणून मोजायचं ते कच्चं वजन. दोन मध्यम बटणं, म्हणजे ३५-४० ग्रॅम घेतली, तर पोटॅशियम सव्वाशेच्या घरात राहतं. चिरून भरपूर पाण्यात उकळली आणि ते पाणी ओतून दिलं, तर आणखी कमी होतं. सूप किंवा रश्श्यात तेच पाणी पोटात जातं.

‘मग बंदच केलेलं बरं.’ कशाला? रक्तातलं पोटॅशियम आटोक्यात असेल, तर माफक मशरूमला हरकत नसते. ताज्या मशरूममध्ये १०० ग्रॅमला सोडियम फक्त ५ मिलिग्रॅम. शिवाय त्याची मूळचीच चव अशी, की मीठ कमी पडलेलं जाणवत नाही. डबाबंद मशरूमची गोष्ट वेगळी: मिठाच्या पाण्यामुळे सोडियम चारशेच्या वर जातं. आणि भाजीत ‘लो सोडियम’ मीठ घालत असाल तर जरा थांबा. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनीच्या रुग्णाने ते डॉक्टरांना न विचारता वापरूच नये.

‘मशरूम म्हणजे शाकाहाऱ्यांचं मटण.’ चवीपुरतं ठीक. प्रथिनं १०० ग्रॅमला तीनच ग्रॅम, एका अंड्यात सहा. डायलिसिसवर असलेल्यांना प्रथिनं जास्त लागतात, त्यांनी अंडं सोडून मशरूमवर भिस्त ठेवू नये.

राहिली ‘किडनी साफ करणारी’ मशरूम पावडर. वाळवलं की सगळंच एकवटतं: सुक्या शिताके मशरूममध्ये १०० ग्रॅमला पंधराशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. चागा नावाच्या बुरशीत तर ऑक्झलेट भरपूर. जपानमध्ये तिची पावडर महिनोन्महिने घेणाऱ्या एका महिलेच्या किडन्याच निकामी झाल्याची वैद्यकीय नोंद आहे. असल्या डब्यांवर पैसे घालवू नका.

पुढच्या खेपेला पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा आणि ‘मशरूम चालेल का’ एवढंच विचारून उठू नका. आठवड्याला किती ग्रॅम चालेल, ते विचारा.