नेट सारखं तुटतंय? आधी घरातली फोनची वायर बघा



१ जून ते ३१ जुलै बंदी. होड्या वर ओढल्या, जाळी शिवायला काढली, इंजिनं उघडून ठेवली. याच दिवसांत घरातलं आणखी एक काम उरकून घ्या. ज्यांच्या घरी अजून तांब्याच्या तारेचा लँडलाइन फोन आहे आणि त्यावरच डीएसएल मॉडेम चालतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बंदीच्या आधीची गोष्ट. आमच्या एका सभासदाच्या घरी पहाटे होडी सोडायच्या आधी हवामान खात्याचा इशारा बघायचा होता. मॉडेमचा डीएसएल दिवा नुसता लुकलुकत राहिला, पान काही उघडेना. शेवटी जेटीवर फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की वारा वाढणार आहे. होडी थांबली. पण तेवढ्यात फोन कोणी उचलला नसता तर? किनाऱ्यापासून लांब गेल्यावर मोबाइलची रेंज जाते. म्हणून इशारा असो की इन्कॉइसची मासळीच्या जागांची माहिती, ती घरूनच बघून निघायला हवी.

त्यांनी तीनदा तक्रार केली होती. कंपनीचा माणूस यायचा आणि बाहेरची लाइन चांगली आहे म्हणून सांगून जायचा. तो खोटं बोलत नव्हता. दोष घरात होता.

फोन चालतो, मग नेट का नाही?

एकाच तारेवर दोन कामं चालतात. आपला आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली जातो. इंटरनेट त्याच तारेवर साधारण २५ किलोहर्ट्झपासून वर, एडीएसएल-२ प्लस असेल तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. व्हीएचएफवर चॅनल वेगळे असतात तसंच समजा. आवाजाला गंजका जोड चालून जातो, थोडी खरखर येते एवढंच. वरच्या फ्रिक्वेन्सीला तो चालत नाही. म्हणून फोन ठीक आहे म्हणजे तार ठीक आहे, असं धरून चालू नका.

घरात बिघडतं ते हे

१. गंज. खाऱ्या हवेत बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवी पूड येते, तशीच ती फोनच्या डबीतही येते. हाताने पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड दोन पावसाळेसुद्धा काढत नाही. पाऊस लागला की नेट जातं आणि ऊन पडलं की येतं, असं होत असेल तर आधी जोडांवर संशय घ्या.

२. मेलेल्या फांद्या. एक वायर हॉलमध्ये, तिच्यातून एक जुन्या स्वयंपाकघरात, एक वेगळ्या झालेल्या भावाच्या खोलीत. टोकाला फोन नाही, पण वायर तशीच जोडलेली. फिशफाइंडरचा आवाज तळाला आपटून परत येतो, तसा इंटरनेटचा सिग्नल त्या रिकाम्या टोकावर आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलमध्ये गोंधळ करतो. आमच्या सभासदाच्या घरी अशा दोन फांद्या निघाल्या.

३. फिल्टर नसलेला फोन. फोन वाजला किंवा उचलला की नेट तुटतं, त्याचं नेहमीचं कारण हे.

आधी तपासणी करा

बाहेरून येणारी तार घरात ज्या पहिल्या डबीत उतरते ती शोधा. तिथून आत जाणाऱ्या सगळ्या वायरी सोडवा, फोन काढा, आणि फक्त मॉडेम छोट्या वायरने तिथे लावा. एक दिवस, जमल्यास पावसाचा, तसाच चालू ठेवा. दिवा स्थिर राहिला तर दोष घरात. तरीही तुटत असेल तर दोष बाहेर. मग हीच तपासणी सांगून तक्रार नोंदवा. खांबावरच्या पेटीला स्वतः हात लावू नका.

मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर एसएनआर मार्जिन नावाचा आकडा असतो. तो जास्त तेवढा चांगला. ६ डेसिबलच्या खाली गेला तर लाइन तुटायची भीती. वायरी सोडवायच्या आधी आणि नंतर तो लिहून ठेवा, म्हणजे फरक दिसेल.

नवी वायर कशी ओढायची

पहिल्या डबीजवळच स्प्लिटर बसवा. त्याला तीन तोंडं असतात: लाइन, फोन आणि मॉडेम. घरातले सगळे फोन ‘फोन’ तोंडावर घ्या. ‘मॉडेम’ तोंडावरून मॉडेमपर्यंत एकच सलग वायर न्या. मध्ये जोड नको, फांदी नको. असं केलं की फोनच्या बाजूला कितीही जुनी वायर राहिली तरी नेटला त्रास होत नाही.

वायर पीळ असलेल्या जोडीची घ्या. दुकानातली चपटी वायर लांब अंतराला नको. नेटवर्कची कॅट-५ केबल चालते, पण दोन्ही तारा एकाच जोडीतल्या हव्यात: निळी आणि तिचीच निळी-पांढरी. विजेच्या वायरीला, फ्रिजला, इन्व्हर्टरला चिकटून नेऊ नका. ओलांडावी लागली तर आडवी ओलांडा.

जोड करावाच लागला तर जेली भरलेला कनेक्टर वापरा, म्हणजे खारी हवा आत शिरत नाही. भिंतीतून आत येण्याआधी बाहेर वायरीला खाली एक झोल ठेवा. पाणी तिथून ठिबकून जातं, डबीत उतरत नाही.

मॉडेम लांबच्या खोलीत हवा म्हणून फोनची वायर वाढवू नका. मॉडेम डबीजवळच ठेवा आणि तिथून लॅन केबल न्या. ती १०० मीटरपर्यंत चालते.

सांभाळून

लाइनवर ४८ व्होल्ट असतात, आणि घंटी वाजताना त्याहून बरेच जास्त. चांगला झटका बसतो. ओल्या हाताने काम नको. गडगडाट सुरू झाला की काम थांबवा, आणि मॉडेमची फोनची वायर व विजेचा प्लग दोन्ही आधीच काढून ठेवा.

तुमच्या वाड्यावर फायबर आलं असेल तर तेच घ्या. काच गंजत नाही. पण ते येईपर्यंत घरातली वीस हात वायर बदलायला एक दुपार पुरते. ज्यांना जमतं त्यांनी शेजाऱ्याच्या घरीही हात लावावा. १ ऑगस्टच्या आत दिवा स्थिर झालेला असू दे.